त्रास न देणारी मुलगी

आई, मागच्या आठवड्यात मानेसरजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी पुन्हा तुझी गोष्ट सांगितली. तुझं नाव घेत नाही, माझी आई होती असंही म्हणत नाही. 'दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात एक नर्स होती', एवढंच. समोर आशा दीदी बसलेल्या असतात, घरोघरी जाऊन लसींच्या, बाळंतिणींच्या नोंदी ठेवणाऱ्या बायका. ऑटिझम असलेलं मूल कसं ओळखायचं, त्याच्याशी कसं वागायचं, त्याच्या आईशी काय बोलायचं, हे त्यांना शिकवणं हेच आता माझं काम आहे. तू गेलीस तेव्हा मी मुलांना थेरपी द्यायचे. आता मुलं कमी, ट्रेनिंगच जास्त. दिल्लीतल्या द्वारकेहून सकाळी निघायचं, हायवेवर कंपन्यांच्या बसेसमागे अडकायचं, हॉलमधला प्रोजेक्टर चालला नाही तर फळ्यावर लिहायचं. प्रश्न तेच, उत्तरं तीच. बोलत असते मी, पण त्यात फारशी नसते. तुझ्या दिवसांनाही अशीच होते. सगळे रडत होते आणि मी कोणाचा चहा राहिला ते बघत होते.

गोष्ट अशी आहे. मी दहा वर्षांची आहे. क्वार्टरची किल्ली तुझ्याकडे, म्हणून शाळा सुटली की मी सरोजिनी नगरच्या तुझ्या दवाखान्यात येते आणि लसींच्या फ्रिजशेजारी स्टुलावर बसून गृहपाठ करते. (मी तिथे होते हे अर्थात मी सांगत नाही.) एक बाई तीनेक वर्षांच्या मुलीला घेऊन येते. मुलगी तुझ्या टेबलाखाली जाऊन बसते आणि बाटलीचं एक झाकण फरशीवर गरगर फिरवत राहते. सुई टोचली तरी रडत नाही. बाई हळूच म्हणते, "सिस्टर, ये बुलाने पर देखती नहीं. मम्मी भी नहीं बोलती." रांग दाराबाहेर गेलेली. तू कार्डावर लिहिता लिहिता मान वर न करता म्हणतेस, "अगं, कितनी शांत बच्ची है! बिल्कुल त्रास नहीं देती. नशीबवान है तू. बोलेगी, बोलेगी." बाई हसते. तिला बरं वाटलेलं दिसतं. तू मुलीचा गालगुच्चा घेतेस, ती तोंड फिरवते, आणि त्या दोघी निघून जातात. तुझी ती मराठी घुसलेली हिंदी मी हुबेहूब काढते. 'नशीबवान है तू' म्हटलं की हॉल हसतो. मग मी खडू खाली ठेवते आणि सांगते, हे आपण कधीही म्हणायचं नाही.

पुढचं मी सांगत नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, ऑटिझम हा शब्द नुकताच शिकले होते. थंडीत आपण दोघी मार्केटमध्ये स्वेटर बघायला गेलो होतो आणि ती बाई समोर आली. मुलगी माझ्या खांद्याला लागत होती. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले. गर्दीत ती पळून जाते म्हणून बाईने दुपट्ट्याचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं होतं. बाईने तुला लगेच ओळखलं, नमस्ते केलं. ती रागावलेली नव्हती. "आपने कहा था बोलेगी," ती म्हणाली, "हमने बहुत साल रास्ता देखा, सिस्टर. फिर किसी ने बड़े अस्पताल भेजा." आपण स्वेटर न घेताच परतलो. घरी येऊन तू कणीक मळलीस, झाकून ठेवलीस आणि ओट्याला टेकून उभी राहिलीस. तवा तापून धूर यायला लागला तेव्हा मीच गॅस बंद केला. मला नव्याने बरंच काही कळत होतं ना, मी म्हणाले, "बोलावल्यावर बघत नाही, हे किती साधं लक्षण आहे आई. तुला कळायला हवं होतं." तू माझ्याकडे बघितलंस. "मला कोणी शिकवलं होतं?" आवाजात राग नव्हता. मला माहीत असेल तर सांग, असा तो प्रश्न होता. मी आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. त्यानंतर आपण दोघींनी तो विषय कधी काढला नाही.

मागच्या आठवड्यातही सगळ्या हसल्या, पण पहिल्या रांगेतली एक हसली नाही. केस पिकलेली, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून बसलेली. तिने विचारलं, "मैडम जी, उस नर्स को ट्रेनिंग मिली थी?"

मी म्हणाले, "नहीं."

"तो हम हँस किस बात पर रहे हैं?"

मी घड्याळ बघून जेवणाची सुट्टी दिली.

जेवल्यावर ती माझ्याजवळ आली. "पास में एक बच्ची है. देखोगे?" कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्यांची गल्ली होती. चार वर्षांची मुलगी शाम्पूच्या रिकाम्या पुड्या दारापासून भिंतीपर्यंत ओळीने मांडत होती. आमच्या दीदीने तिला हाक मारली नाही, हात लावला नाही. सकाळी मी शिकवलं होतं तशी ती उंबऱ्याशी जमिनीवर बसली, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि एक पुडी ओळीच्या शेवटी ठेवली. बऱ्याच वेळाने मुलगी आली आणि तिने ती पुडी सरळ केली. बघितलं मात्र नाही. मग दीदीने आईला एकेक विचारलं आणि तिचं सगळं बोलून होईपर्यंत थांबली. शेवटी आई म्हणाली, "दीदी, बोलेगी ना?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, प्रत्येक ट्रेनिंगमध्ये देते ते. दीदी म्हणाली, "ये मैं नहीं जानती. पर बुधवार को तेरे साथ अस्पताल चलूँगी. लाइन में मैं लग जाऊँगी, तू इसे बाहर घुमा लेना." बाईने मान डोलावली. या क्षणी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं माझ्या मनात आलं. वाटलं नाही. मी दाराबाहेर माझ्या चपला शोधल्या.

त्या दोघी बुधवारी गेल्या. दीदीचा फोन आला होता. डॉक्टर भेटले नाहीत, पुढची तारीख मिळाली आहे, ती परत जाणार आहे. आज रविवार. पुढच्या बॅचसमोर काय बोलायचं ते लिहायला बसले आणि वर 'आई' असं लिहिलं गेलं. आता ती नर्स माझी आई होती, असं सांगेन का? माहीत नाही. हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच, ट्रेनिंगच्या फाइलमध्ये राहतील.

एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी ओट्याशी उभी असताना तू त्या मुलीचं नाव घेतलंस, दोनदा. इतकी मुलं तुझ्या हाताखालून गेली आणि इतक्या वर्षांनी तुला ते नाव आठवत होतं. मला आठवत नाही. विसरले असं नाही, आई, मी ते ऐकलंच नव्हतं. तुझी चूक मला सापडली होती, आणि माझं सगळं लक्ष तिच्यात होतं.