पिन अडकायची ती जागा

दादा, तुमची ती निळ्या कव्हरची रेकॉर्ड परवा घरात वाजली. घरात म्हणजे माझ्या, नगरला, लेकाच्या फ्लॅटमध्ये. तुम्ही हा फ्लॅट पाहिलाच नाही. नातीनं पहिल्या पगारातून रेकॉर्ड प्लेअर आणला. मी म्हणलं, "अगं, मोबाईलमध्ये सगळी गाणी असताना हे खोकं कशाला?" तर म्हणते, "आजी, आता हीच फॅशन आहे. आणि तू सांगायचीस ना तुझ्या वडलांचा, दादांचा आवडता अल्बम, तो शोधून आणलाय." कव्हर बघितलं आणि माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. त्या गाणाऱ्या बाई खिडकीशी बसलेल्या, मान जराशी डावीकडं. इतकी वर्षं झाली, माझी मान धरली, गुडघे गेले, त्यांची मान अजून तश्शीच. मला इतका आनंद झाला की मी त्यांना हात जोडून नमस्कारच केला. नात हसून हसून लोळली. मी चौथीपर्यंत शिकलेली, ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात, तरी हे लिहायला बसले, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नाही.

ती रेकॉर्ड आपल्याकडं कशी आली, आठवतं? भिंगारच्या मिलिटरी कॅम्पातल्या एका साहेबांची बदली झाली होती. बदली झाली की साहेबलोक सामान विकून जायचे आणि सगळं भिंगार पलंग-कपाटं बघायला लोटायचं. आईनं तुम्हाला शिलाई मशीन आणायला पाठवलं. तुम्ही सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून आणलात रेकॉर्ड प्लेअर आणि तीन रेकॉर्डी. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. मग दर रविवारी संध्याकाळी घड्याळवाले चाचा यायचे. बाजारात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, तुम्ही कॅम्पात सुतार. ते तुम्हाला मिस्त्री म्हणायचे, तुम्ही त्यांना उस्ताद. तुमचा एकच नियम. पिन ठेवली की बाजू संपेपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई. निळीच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात चरा होता, तिथं पिन अडकायची आणि बाई "ये ना, ये ना, ये ना" करत बसायच्या. तुम्ही म्हणायचात, "उस्ताद, बाई बोलावतीय तुला." चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठायचे. "आलो बाई, आलो. मिस्त्री, तुझ्या घरात मलाच कामं." नखाच्या टोकानं पिनला इतकंसं ढकलायचे, बाई पुढं निघायच्या, आणि चाचा येऊन बसेपर्यंत त्यांचा चहा निवलेला असायचा.

नातीनं विचारलं, आजी, एवढी जुनी गाणी अजून कशी टिकली? ती तर मोबाईलवर अर्धं गाणं ऐकते आणि अंगठ्यानं उडवते. मला काय सांगता येणार, मी काही गाण्यातली नाही. पण मला वाटतं, आम्हाला उडवता येत नव्हतं ना, म्हणून. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं मला मुळीच आवडायचं नाही, रडकं वाटायचं. पण तुमच्या नियमामुळं ऐकावं लागायचं. भांडी घासताना ऐकलं, केस विंचरताना ऐकलं, आणि माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा, दादा, तेच गाणं माझ्या तोंडात आलं. आवडीचं एकही आलं नाही. आणि दोन गाण्यांच्या मधे ती नुसती खरखर असते बघा, तेवढ्यात पुढचं गाणं आपल्या डोक्यात आधीच सुरू होतं. परवाही झालं. सुई पुढं जायच्या आधी मी सूर धरला. नात म्हणाली, "आजी, तुला पाठ आहे?" पाठ कसलं, अंगातच आहे.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी बसले. मला बघायला पाहुणे येणार होते, खर्ड्याहून. तेव्हाची पद्धत तुम्हाला माहीत आहे, मुलीनं हातानं केलेल्या वस्तू शोकेसमध्ये मांडायच्या आणि आईनं म्हणायचं, हे सगळं हिनंच केलंय. मण्यांचं तोरण झालं, वायरची पिशवी झाली, लोकरीचं कुत्रं झालं. पण शेजारच्या मुलीनं जुन्या रेकॉर्डचा बाऊल केला होता आणि तो बघून तिला एका फटक्यात पसंती आली होती. मला तस्साच पाहिजे होता. तीन रेकॉर्डींतून कुठली घ्यायची? मी विचार केला, अडकते ती खराब, ती गेली तर कुणाचं काय जाणार. एवढीच माझी अक्कल. गुरुवारी तुम्ही कामावर, आई गिरणीत. मी तुपाचा रिकामा डबा उपडा ठेवला, वर रेकॉर्ड ठेवली, उकळतं पाणी ओतलं. ती मऊ पडली आणि कडा खाली झुकल्या, पदराच्या निऱ्यांसारख्या. खरं सांगते, मला लई भारी वाटलं. सोनेरी रंग दिला, मधल्या भोकावर लाल मखमलीचा गोल चिकटवला, वर प्लॅस्टिकची द्राक्षं. कव्हर बंबात घातलं.

रविवारी पाहुणे आले. सासूबाईंनी बाऊल हातात घेतला. "हे कशाचं केलंय गं?" मी म्हणलं, "जुन्या वस्तूचं." तुम्ही खुर्चीवर पुढं सरकून म्हणालात, "पोरीच्या हातात कला हाय." तुमचा तो चेहरा मला अजून बघवत नाही. पसंती झाली, पाहुणे गेले, आणि तुम्ही हात चोळत म्हणालात, "आज ती निळी लाव. उस्ताद येईलच आता." मी कपाटापुढं उभी. तोंडातून निघालं, "चाचा घेऊन गेलेत."

तुम्ही म्हणालात, "मला न सांगता?" तेवढ्यात चाचा दारात, रुमालात पेढ्यांचा पुडा. "मुबारक हो मिस्त्री! तोंड गोड कर." तुम्ही पुड्याला हात लावला नाही. "रेकॉर्ड कुठाय माझी?"

"कुठली रेकॉर्ड?"

"निळी. पोरगी सांगती तू नेलीस. पोरगी खोटं बोलती का, आजच्या दिवशी?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग शोकेसकडं. भिंग लावून केसाएवढे स्क्रू ओळखणारा माणूस, दादा, त्याला सोनेरी रंगाखालच्या त्या बारीक गोल रेघा दिसणार नाहीत? ते बाऊलकडं बघत राहिले, मला वाटलं आता माझी सोयरीक गेली. आणि ते म्हणाले, "हां, मीच नेली. माझ्याकडून हरवली, मिस्त्री. सांगायची हिंमत झाली नाही." पेढे शोकेसवर ठेवले, अगदी बाऊलशेजारी, आणि गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते परत आले नाहीत आणि तुम्ही बोलावलं नाही. आई म्हणायची, एवढ्याशा गोष्टीवरून काय माणूस तोडायचं. तुम्ही म्हणायचात, "हरवली त्याचं काय न्हाई. मला लपवलं." रेकॉर्ड प्लेअरवर आईनं भरतकामाचं कापड टाकलं, ते तुम्ही असेपर्यंत निघालं नाही. तुमच्या मयतीला चाचा आले होते, लिंबाखाली उभे होते, चप्पल काढून. मी खर्ड्याहून पोचले तर रडत त्यांच्यासमोरूनच गेले. थांबले नाही. बाऊल माझ्याबरोबर सासरी आला, तिथून इथं. त्यात मी दोरे ठेवते.

परवा दुसरी बाजू लागली. तिसरं गाणं आलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, काय झालं? काय पाहिजे?" काही नाही म्हणलं. बाई एकदाच म्हणाल्या "ये ना" आणि सरळ पुढं निघून गेल्या. कुणाला बोलावलंच नाही. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की त्या गाण्याला त्याच्या पुढं आणखी एक कडवं आहे, इतकं गोड. म्हणजे होतं, चाचांनी ढकलल्यावर वाजायचंच की, पण आपलं लक्ष कुठं असायचं, आपण तिघं त्यांना हसत असायचो.

चाचाही जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो, त्याचीही दाढी पांढरी झालीय, बसायची ढब मात्र तीच. त्याला सांगावं, तुझ्या वडलांनी काही हरवलं नव्हतं, म्हणून या महिन्यात दोनदा रिक्षा करून भिंगारला गेले. दोन्ही वेळा त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला आणि विचारलं, "बोला मावशी." दोन्ही वेळा मी पिशवीतलं घड्याळ काढून सेल बदलून घेतला आणि घरी आले. घड्याळ चालूच होतं, दादा.