इराच्या लॅपटॉपची मेमरी

११ जानेवारी, शनिवार

इरा आज न कळवता आली. मी भाकरीचं पीठ मळत होतो, हात तसेच घेऊन दार उघडलं. पाठीवर सॅक, बगलेत लॅपटॉप — ती सातवीत असताना मी घेऊन दिलेला. सविता आणि मी वेगळे झालो त्याच वर्षी.

‘बाबा, हा आता फारच रडतो. ड्रॉइंग उघडलं की नुसता गोल फिरत बसतो. मधेच बंदही पडतो.’

आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष. महिनाअखेरीला ज्यूरी — बाहेरचे मोठे आर्किटेक्ट येऊन सगळ्यांदेखत कामाची चिरफाड करतात. ह्यात नापास म्हणजे वर्ष गेलं.

विचारलं, धनराजने दिवाळीत नवा घेतला होता ना?

‘तो आहे तिकडे.’ एवढंच. मग म्हणाली, ‘ह्याचीच मेमरी वाढवता येते म्हणे. तू बघ ना.’

तर हे असं आहे. नवा-कोरा तिकडे टेबलावर शोभेला. जुन्याची डागडुजी इकडे. धनराज विंचूरच्या वाईन पार्कात मोठा साहेब, सविताचा नवरा, गंगापूर रोडला फ्लॅट. मी देवळाली कॅम्पात दोन खोल्यांत. त्याने द्यायचं, मी दुरुस्त करायचं.

तरी म्हणालो, ठेवून जा. करतो.

१२ जानेवारी, रविवार

तीन व्हिडिओ बघितले. मागचं झाकण काढलं. आत मेमरीच्या पट्टीला दोन जागा, एक भरलेली — चार जीबी. दुसरी रिकामी. म्हणजे तिथे आठची बसवायची की झाले बारा. पोराटोरांचं काम आहे. धनराजला हे येत नसणार. त्याला बदलता येतं, उघडता येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कॅम्पाच्या बाजारातल्या रंगनाथच्या दुकानातून आठची पट्टी आणली. बसवली. टक् आवाज आला, समाधान वाटलं. बटण दाबलं — पडदा काळा. पंखा फिरतो, एक दिवा लुकलुकतो, बाकी काही नाही.

नवी पट्टी काढली. लगेच सुरू. परत घातली. काळा.

इराचा फोन आला. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला. झाला का?’ म्हटलं, होतोय. मागे कुणाच्या तरी घरी देवाची घंटा वाजत होती. गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये सगळे मिळून आरती करतात वाटतं. मी हॉटेलातून गूळपोळी आणली होती. खाल्ली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासले. बॅटरी काढून बटण दाबून धरलं. दोन्ही पट्ट्यांच्या जागा बदलल्या. काळा तो काळाच.

१८ जानेवारी, शनिवार

इरा पुन्हा आली. दुपारपासून अंधार पडेपर्यंत होती. एरवी तासाभरात चुळबुळ सुरू होते तिची. जमिनीवर कागद पसरून हाताने नकाशे काढत बसली. मला बरं वाटलं. मग वाटलं, तिकडे पाहुणे असतील, म्हणून आली असेल.

लॅपटॉपचं सांगितलं तर म्हणाली, ‘व्होल्टेजचं काहीतरी असेल. काकांनी एकदा ऑफिसच्या मशीनला चुकीची आणली होती. दिसायला सारखी, पण जास्त व्होल्टेजची. ती चालतच नव्हती.’

काका म्हणजे धनराज. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, मी उघडलेल्या लॅपटॉपवर काकांचं मत!

मी म्हणालो, तसं काही नसतं. रंगनाथ फसवणार नाही.

जेवायला वाढलं. म्हणाली, ‘काका भाकरीवर लोणी घालून वर चटणी भुरभुरायचे. भारी लागायचं.’ मी लोणी काढलं, चटणी काढली. केलं तसं. ‘हां, असंच,’ म्हणाली. अर्धी भाकरी ताटात टाकली. माझ्या हाताची ती चव नाही, दुसरं काय.

एकच समाधान — त्याला ‘अहो काका’, मला ‘ए बाबा’. पण अहो म्हणूनही माणूस जवळ असू शकतो. हे मला कुणी सांगायला नको.

१९ जानेवारी, रविवार

भिंग घेऊन दोन्ही पट्ट्यांवरची लेबलं वाचली. जुनीवर आकड्यांच्या आधी एक एल आहे. नवीवर नाही. एल म्हणजे कमी व्होल्टेजची. ह्या लॅपटॉपला तीच लागते.

धनराज बरोबर होता. इथे नसताना बरोबर होता.

२१ जानेवारी, मंगळवार

रंगनाथने कुरकुर न करता बदलून दिली. ‘तुम्ही मॉडेल सांगितलं असतं तर तेव्हाच एलवाली दिली असती,’ म्हणाला. खरं आहे. मी ऐटीत फक्त ‘आठची द्या’ म्हणालो होतो.

बसवली. सुरू झाला. बारा जीबी दिसले. इराला फोटो पाठवला. तिने बदाम पाठवले. मी तो फोटो परत परत बघतोय, गाढवासारखा.

व्होल्टेजचं तिला सांगितलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

इरा न्यायला आली. इथेच काम करून बघते म्हणाली. अर्धं ड्रॉइंग झालं आणि निळा पडदा. पुन्हा सुरू केला, पुन्हा निळा. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्यूरी गुरुवारी.

माझ्या तोंडून गेलंच — ‘मग आण ना तो धनराजचा. एवढा भारी आहे तर वापर. इथे कशाला वेळ घालवतेस?’

तिने हात खाली घेतले. ‘बाबा, तुला जमत नसेल तर तसं सांग. तो मी नाही आणणार.’

सॅक उचलून गेली. बसस्टॉपपर्यंत सोडायलाही येऊ दिलं नाही. नाही आणणार म्हणे. त्याच्या वस्तूवर ओरखडासुद्धा नको.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेलो नाही. मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावून बसलो. लाल ओळींवर लाल ओळी. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. नवी एकटी — स्वच्छ, एकही चूक नाही. जुनी एकटी — लाल.

म्हणजे जुनीच खराब. मधेच बंद पडायचा तो हिच्यामुळेच. नवी आल्यावर तिला दोष देत बसलो होतो.

जुनी काढून टाकली. फक्त आठवर ठेवला. तिचं सगळ्यात मोठं ड्रॉइंग उघडून दुपारभर फिरवलं, मोठं केलं, लहान केलं. एकदाही अडला नाही.

इराला मेसेज केला: झाला. आणि व्होल्टेजचं तू म्हणालीस ते बरोबर होतं. काकांचं.

लिहायला जड गेलं. लिहिलं.

२७ जानेवारी, सोमवार

लॅपटॉप घेऊन गेली. दारात गळ्यात पडली.

३० जानेवारी, गुरुवार

ज्यूरी झाली. ‘एकदाही हँग नाही झाला, बाबा. त्यांना माझ्या डिझाइनमधलं अंगण आवडलं.’ पहिला फोन मला केला की दुसरा, विचारणार होतो. नाही विचारलं.

२ फेब्रुवारी, रविवार

इरा काल रात्री इथेच राहिली, अजून आत झोपलेली. बेल वाजली. दारात धनराज. दाढी वाढलेली, चपलेवर धूळ.

‘अमितराव, आत येत नाही. ज्यूरी कशी झाली, एवढंच विचारायचं होतं.’

मला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं. सविता डिसेंबरात इराला घेऊन घर सोडून गेली. दोघी पंचवटीत आजीकडे आहेत. चूक त्याची आहे, म्हणाला. कसली ते मी विचारलं नाही. सविताने इराला शपथ घातलीय — त्याला फोन करायचा नाही, आणि मलाही कळू द्यायचं नाही. नवा लॅपटॉप इरा त्याच्याच टेबलावर ठेवून गेली.

‘माझा काही हक्क नाही तिच्यावर, माहीत आहे मला. पण सात वर्षं डबा मी भरत होतो हो.’

मला आनंद व्हायला हवा होता. किती वर्षं ह्याचीच वाट बघितली असेल.

आत हाक मारली, ‘इरा, कोण आलंय बघ.’

ती अनवाणी धावत आली. माझ्यासाठी अशी कधी धावली नाही.

मी दार धरून उभा राहिलो.