क्षय नाही

केडगाव, गुरुवार, २१ जानेवारी १९७१

काल पुण्याहून आलो. आमच्या सुमनला क्षय नाही. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या घामातलं मीठ तपासलं आणि म्हणाले, हा जन्मापासूनचाच आजार आहे. छातीतला कफ चिकट, त्यात जंतू घर करतात, आतून सूज राहते. औषधाने जंतू दबतील, पुन्हा उठतील. क्षय असता तर बरा तरी झाला असता. मग मी आनंद मानू की काय करू?

घरी आल्यावर यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं, "क्षय न्हाई." पुढचं यांच्या तोंडून निघेना. माझ्याही नाही.

आज सकाळी सासूबाईंनी सुमनचं वेगळं ताट उचलून आमच्या भांड्यांत ठेवलं. ते ताट घेऊन पोर इतकी वर्षं कोपऱ्यात एकटी जेवायची. तिला जवळ ओढून म्हणाल्या, "ये बाय, आता माझ्याच ताटात जेव." सुमन माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. मग ती इतकी हसली की खोकल्याची उबळच आली.

तेव्हाच सांगायला हवं होतं का? कळत नाही. ते वेगळं ताट पुन्हा मांडलं गेलं असतं का?

संध्याकाळी सुमनला पालथं झोपवून पाठीवर थापट्या मारत होते. कफ सुटावा म्हणून डॉक्टरांनी शिकवलंय. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, थोडा वेळ त्यांनीही मारल्या.

"किती दिस करायचं हे?"

"डॉक्टर सांगतील तोवर," मी म्हणाले.

डॉक्टरांनी जन्मभर सांगितलंय.