बाळखोलीमागे गेलेली मंडळी

लिहून ठेवते मी, बोर्गहिल्ड ओसेन, वय एक्याऐंशी, राहणार नॉर्डाल, मिनेसोटा. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही; दडपण आणणारे, गावातल्या दोन्ही चर्चचे पाळक सकाळीच कॉफी पिऊन गेले.

१. घर मुलगा आर्विड व मुलगी राग्ना यांना निम्मं निम्मं, कलम ४ची अट पाळली तरच.

२. माझी झुलती खुर्ची. उपासना चालू असताना चर्चच्या बाळखोलीत हिच्यावर बसून मी गावाची बाळं सांभाळली. जुन्या चर्चमध्ये पाळक लिंडहोम आले आणि म्हणाले, नरक हे निव्वळ रूपक. असेना का! पण त्यांनी बाळखोली मोडून तिथे संवादकक्ष काढला, तेव्हा मी खुर्ची उचलून रस्त्यापलीकडच्या कडक चर्चमध्ये गेले. माझ्यामागे बाळं आली, बाळांमागे आया, आयांमागे नवरे. तिथले पाळक होल्टे छाती फुगवून म्हणाले, "बघा, शुद्ध शिकवणीला लोक कसे धावत येतात!" लिंडहोम म्हणाले, "लोकांना विचार करणं झेपत नाही हो." मग चर्चची मंडळी का वाढते, का घटते याचा शोध घ्यायला विद्यापीठातून एक गृहस्थ आले. दोन्ही पाळकांशी तासन्‌तास बोलले. मला म्हणाले, "आजी, जरा पोरांना गप्प करता का? काही ऐकू येत नाहीये."

खुर्ची जिथे बाळं असतील तिथे द्यावी. शोभेला ठेवणार असतील तर सरपण करावं.

३. लिंडहोम यांना माझं बायबल; त्यांच्या प्रतीत रूपकांशिवाय फारसं काही उरलेलं नाही. होल्टे यांना आरसा. त्यांना पापी माणूस नेहमी रस्त्यापलीकडेच दिसतो.

४. राग्ना जुन्या चर्चमध्ये उपदेश करते. आर्विड कडक चर्चच्या कारभारी मंडळात आहे. माझ्याच टेबलावर तो म्हणाला, "बाईनं वेदीवरून बोलू नये." ती म्हणाली, "दादा, तुझा देव तुझ्याएवढाच कोता आहे." तेव्हापासून अबोला. आर्विडचा मुलगा रांगायला लागला, पण आत्यानं त्याला अजून उचललेलं नाही. गावाची बाळं झुलवली मी, आणि माझ्याच नातवाला आत्याची मांडी ठाऊक नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझा अंत्यविधी दोन्ही चर्चांत नको, दफनभूमीतच करावा. बाळ राग्नाच्या मांडीवर, आर्विड तिच्या शेजारी. नाहीतर घर कॅथलिकांना जाईल; त्यांच्याविरुद्ध तरी दोन्ही चर्चचं एकमत आहे. प्रार्थना कोणाच्या पद्धतीची, यावर तिथे भांडू नका. कुठलीही म्हणा, फक्त बाळाची झोप मोडणार नाही इतक्या हळू म्हणा.

साक्षीदार: डेल क्रुगर, पोस्टमन; विल्मा हेगस्ट्रम, गुरांची डॉक्टर. दोघंही कुठल्याच चर्चला जात नाहीत, म्हणून भरवशाचे.

सही: बोर्गहिल्ड ओसेन
नॉर्डाल, १४ ऑक्टोबर २०१४