मामीच्या अक्रोडाच्या चाळीस बाटल्या

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकून करते आहे, चिमटा टेबलाखाली पडलाय.) गुडघा कसा आहे? नवी गाडी कशी आहे? दोघांनाही जपा. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा फोन मामी उचलते आणि तुमचा मोबाईलही तीच उचलते. मी मजेत आहे. म्हणजे तशी मजेतच म्हणायची.

अंगणातला मामीचा अक्रोड तोडून तिथे गॅरेज बांधायचं, यावरून तुमच्याकडे चार महिने अबोला होता. तो मिटवला कुणी? मी! भर जेवणात छाती पुढे काढून म्हणाले, "मामी, खुशाल तोडू दे. कोवळ्या फांद्या तेवढ्या दे, नखाएवढ्या तुकड्यापासून बाटलीत तुझ्याच झाडाची शंभर रोपं करून देते." (तेव्हा मला प्रयोगशाळेत लागून सहा आठवडे झाले होते आणि मी फक्त केळी केली होती. केळ बिचारी गरीब. कापा, बाटलीतल्या पोषक जेलीवर ठेवा, वाढते.) मामीने चाळीस तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, फडकं राहू दे तुझ्याकडे. एरवी डबा दिला तर झाकणासकट मोजून परत घेणारी ही बाई! मला तिथेच धडकी भरायला हवी होती.

अक्रोड म्हणजे काय प्रकरण आहे, मामा! सुरी लागली की त्याच्या अंगातली फिनॉल नावाची द्रव्यं बाहेर येतात, हवा लागली की काळी पडतात, आणि जेलीत उतरून त्याच तुकड्याला मारतात. दुसऱ्यावर रागावून स्वतः उपाशी बसणारी माणसं असतात ना (मी कुणाचं नाव घेत नाही), तसलं हे झाड. गाडीच्या टपावरचे जे डाग तुम्ही तीन साबणांनी घासलेत, तेही ह्याच द्रव्यांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चाळीसच्या चाळीस बाटल्यांत कोरा चहा.

मग काय, पदर खोचला. त्याच तुकड्यांची काळी टोकं छाटून ते दोन तास वाहत्या पाण्याखाली धरले. (इमारतीची टाकी संपली. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य खाली भांडायला आले, मागोमाग गाल फुगवून त्यांचा पेशंट.) क जीवनसत्त्वाच्या पाण्यात बुडवले. उजेडाने काळेपणा वाढतो म्हणून आठवडाभर कपाटात ठेवले आणि दारावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावली, त्यामुळे प्रत्येकाने उघडून पाहिलं. रोज सकाळी एकेक तुकडा उचलून ताज्या जेलीवर. आई म्हणाली, तुझी दुपटीसुद्धा मी इतक्यांदा बदलली नाहीत. शेवटी जेलीत कोळशाची पूड घातली, ती म्हणे हे विष शोषून घेते. पण जेली अशी काळीकुट्ट झाली की आत काही काळं पडतंय का हेच दिसेना. साहेब खूश! म्हणाले, डाग गेले हं अगदी. दोन दिवस मीही खूश होते. तिसऱ्या दिवशी तुकडे उपसून पाहिले आणि रडले. खरंच रडले, मामा.

असो. काळजी नसावी. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पापा, गाडीला एक हात.

तुमची लाडकी (अजून असले तर) भाची

ता. क. चाळीसांतले दोन जगलेत. एकाला हिरवं टोक आलंय, दुसऱ्याबद्दल मी आशा सोडलेली नाही. पण दोन टोकं म्हणजे काही झाड नव्हे. शनिवारी करवतवाला येणार आहे, त्याला नको म्हणून सांगा ना. गॅरेज तुमचं, तेव्हा तुम्हीच सांगितलं तर शोभेल. नव्या पालवीला मी पुन्हा तुकडे घेईन, पण त्यासाठी झाड उभं हवं. मला मामीला तोंड दाखवायचंय हो.

ता. ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता मामीचा फोन आला. रोज उठून फुशारक्या मारणारी पोरगी महिनाभर गप्प, म्हणजे सगळं काळं पडलं, हे तिने कधीच ओळखलं होतं. करवतवाल्याला तिने मागच्याच आठवड्यात चहा पाजून परस्पर वाटेला लावलंय. "तुझ्या बाटल्यांच्या भरवशावर मी झाड तोडू देईन होय गं?" म्हणाली. वर बजावलं, मामांना बोलू नकोस, शनिवारपर्यंत खुशीत आहेत, राहू देत. तेव्हा मामा, तुम्हाला काहीच माहीत नाही. शनिवारी सकाळी त्याची वाट बघत फाटकात उभे राहा, आणि अकरा वाजले की जरा चिडा.