समीरच्या घराजवळचं स्टेशन

देवपूर, मंगळवार, संध्याकाळ

भडगावला अक्काला भेटून आले. एसटीत बसायला जागाच मिळाली नाही, पाय ठणकताहेत. घरात शिरते तोच अमेरिकेहून समीरचा फोन. त्याच्या घराजवळ लाइट रेलचं, म्हणजे शहरातल्या छोट्या ट्रेनचं, स्टेशन झालंय म्हणे.

"आई, आता ये. गाडी चालवता येत नाही म्हणून घरात कोंडून राहायला नको. देवळात एकटी जाशील."

मागच्या खेपेला मी खिडकीशी बसून रडायचे, ते त्याने पाहिलं होतं तर. मला वाटलं, कुणाला कळलंच नाही.

"चढायला पायऱ्या आहेत का रे?"

"नाहीत. मी पाहून आलो. फलाटावरून सरळ आत."

पाहून आला! इतकी दमलेय, पुन्हा तो प्रवास... पण नाही म्हणवेना.

"पासपोर्ट शोधते," म्हटलं.