उजव्या खांद्याचा शेक

२८ जून १९७६
शाळा उघडली. फळ्यावर तारीख लिहायला हात उचलला, छातीच्या वर जाईना. शेवटी फळ्याच्या खालच्या कडेला लिहिली. मागची पोरं उभी राहून वाचत होती.

३० जून
मंगरूळला डॉ.कडे. खांदा आखडला म्हणाले. लाल दिव्याचा शेक दिला, पंधरा मिनिटं. बरं वाटलं. रोज घ्यायचाय. पण आसेगावहून रोज एस.टी. करून शाळा कशी...

२ जुलै
मुलाने, मधूने, अकोल्याहून तसाच बल्ब आणला. खांद्यापासून हातभर दूर धरावा लागतो. धरणार कोण? सूनबाई, रत्ना, न विचारता येऊन बसली. दोघांनी माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं, दोन वर्षं झाली. तिचं माझं बोलणं मीठ-पिठापुरतं.
"लय भाजते काय, बाई?"
सगळं गाव मला बाई म्हणतं, तीही.

६ जुलै
लाईट नाही, शेक चुकला. व्यायाम केला. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. पोचतील तिथे रत्ना पेन्सिलीने खूण करते. माझी वेणीही आता तीच घालते. हात हलका आहे पोरीचा. सांगितलं मात्र नाही.

११ जुलै
खूण चार बोटं वर सरकली. शेक घेताना सहज विचारलं, मॅट्रिकला मार्क किती होते? माझ्यापेक्षा जास्त निघाले. दिवा जरा दूर धरत म्हणाली,
"वाशीमले डी.एड.ले नंबर लागला माहा. पंधराले हजर व्हा लागते."
"मंग सांगतलं काहून नाही?"
"हे म्हनतात, आईचा हात बरा होऊ दे. पुढच्या साली पाहू."

१२ जुलै
मधूला म्हटलं, जाऊ दे तिले.
"अन् तुह्यं कोन करन? केस विंचरता येत नाही तुले."
खोटं काय बोलला?

१३ जुलै
सकाळी मधू चहा पीत होता. फळीवरचा पोह्यांचा डबा उजव्या हाताने काढला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण डबा सोडला नाही. "पाह्य, झाला हात बरा."
त्याने डबा घेऊन खाली ठेवला. रत्नाने चुलीवरून मान वर केली नाही.
दिवसभर ठणका. शेक घेतला नाही. घेतला तर बरा कसा?

१४ जुलै
गाडी उद्या सकाळी. मधू अंगणात खाटेवर बसलाय. जा म्हणत नाही, जाऊ नको असंही म्हणत नाही. आत्ता रत्ना दिवा घेऊन दारात उभी. "आज तरी शेकू द्या, बाई."
म्हटलं, पहिले पेटी भर.